चाळीस पायांची गोम

आमची बिल्डिंग चार मजली, नाव सूर्यकिरण, वसईत होळीच्या बाजारापासून चालत पाच मिनिटांवर. दोन हजार सालच्या दिवाळीत मी आणि स्वप्ना तिथे तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. गॅलरी उत्तरेला. खाली केळीची वाडी, विहीर, कौलारू घर आणि घरापुढे सारवलेलं मोठं अंगण. मी सातारा जिल्ह्यातला, आणि लग्नानंतरची वर्षं डोंबिवलीत समोरच्या चाळीच्या भिंतीकडे तोंड करून काढलेली. एवढं हिरवं फुकटात बघायला मिळतंय म्हणून मी येईल त्या पाहुण्याला चहाआधी गॅलरीत नेत असे.

खालून मात्र आमची गॅलरी वेगळीच दिसत होती. हे मला कळलं ते एका रविवारी केळी घ्यायला मी त्या घरी गेलो तेव्हा. घरच्या अनसूयाकाकू साठीच्या पुढच्या, आवाज चांगलाच खणखणीत. माझ्यासाठी फणी तोडता तोडता त्यांनी कुठे राहतोस म्हणून विचारलं. मी मोठ्या कौतुकानं वर बोट दाखवलं. त्यांनी फणी परत टोपलीत ठेवली.

"तुमच्या बिल्डिंगनं माझं ऊन खाल्लं," त्या म्हणाल्या.

मग सगळं ऐकून घ्यावं लागलं. त्यांच्या वाडीत राजेळी केळीची बेटं होती. राजेळी हे लांब, जाड केळं. त्याची खरी मजा सुकेळ्यांत. लोंगर, म्हणजे अख्खा घड, उतरवून अढीत पिकवायचा, केळी सोलून अंगणात मांडवावर वाळत घालायची, रोज फिरवायची, संध्याकाळी गुंडाळून आत आणायची. आठवड्याभरात केळं मधाच्या रंगाचं आणि चिवट गोड होतं. काकूंच्या सासूबाई हेच करत, त्यांच्याही सासूबाई हेच करत. आता दक्षिणेला सूर्यकिरण उभी राहिली होती आणि हिवाळ्यात, नेमक्या सुकेळ्यांच्या दिवसांत, सूर्य दक्षिणेकडून खालून जातो. दहा वाजता अंगणावर सावली पडायची ती चार वाजता उठायची. आदल्या वर्षीची सगळी केळी बुरसली होती. यंदा झाडावर आहेत तेवढी लोंगरं उतरवायची आणि राजेळी मुळापासून काढून टाकायची, असं त्यांनी आणि हरिभाऊंनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, ठरवलं होतं. सुकेळी होणार नसतील तर राजेळी ठेवून करायचं काय, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

राग माझ्या नाकावर असतो. बिल्डिंग मी बांधली नाही, मी नुसते हप्ते भरतो, हे मी त्यांना जरा चढ्या आवाजात सांगितलं. गच्चीवर वाळवा म्हणालो, तर गच्चीवर कावळे आणि किल्ली सेक्रेटरीकडे, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं. त्या शांत होत्या, आणि समोरचं माणूस शांत असलं की माझा राग आणखी वाढतो.

"तुमचं ऊन मी परत देतो," मी म्हणालो.

घरी येऊन स्वप्नाला सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते. तिनं विचारलं की म्हणजे नेमकं काय देणार. मी म्हणालो, बघतो.

मी वालीवला एका गाळ्यात स्टॅबिलायझर बनवण्याचं काम करत असे. ट्रान्सफॉर्मर, रिले, वायरिंग यांत मी कुणाला ऐकणारा नव्हतो. केळी वाळवायचं कपाट करायचं म्हणजे काय, खाली दिवे, वर जाळीचे ट्रे, मागे पंखा; हा तर एका सुट्टीतला खेळ, असं मला वाटलं. पण काकूंकडे विचारायला गेलो तेव्हा त्यांनी अटींची यादीच तोंडपाठ ऐकवली. पहिल्या दिवशी ऊन कडक हवं. मग रोज थोडं थोडं उतरतं हवं. रात्री अजिबात नको, कारण रात्री केळं आतलं पाणी बाहेर आणतं आणि सकाळी ते उडून जातं. सतत तापवलं तर बाहेरून कातडं होतं आणि आत चिखल राहतो. हे सगळं नुसत्या थर्मोस्टॅटच्या आवाक्याबाहेरचं होतं. मी आग्नेलला गाठलं.

आग्नेल डिमेलो पापडीचा, माझ्याच गाळ्यात टेस्टिंगला होता. त्याआधी तो अंधेरीला एका कंपनीत मायक्रोकंट्रोलरवर काम करून आलेला. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमध्ये बसवलेला छोटा कॉम्प्युटर: त्यात आपण प्रोग्रॅम भरायचा, मग तो आपल्या सांगण्याप्रमाणे दिवे लावतो, पंखे बंद करतो, दिवस मोजतो. काकूंच्या अटी ऐकून आग्नेल म्हणाला की हे त्याचंच काम आहे. आणि मग विचारलं, कुठलं घराणं घ्यायचं?

चिपमध्ये घराणी असतात हे मला त्या दिवशी कळलं आणि त्यानंतर तीन रविवार आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून आग्नेल सायकलनं आमच्याकडे यायचा, स्वप्ना पोहे करायची आणि आम्ही भांडायला बसायचो. जुनं घराणं आठ-शून्य-पाच-एकचं, ज्याला सगळे एटी फिफ्टीवन म्हणतात. दुसरं पिक. तिसरं नवं, एव्हीआर. मी कुठूनसे तिन्हींचे कागद झेरॉक्स करून आणले होते आणि वाचताक्षणी एव्हीआरच्या प्रेमात पडलो होतो. जे काम करायला फिफ्टीवनला घड्याळाचे बारा ठोके लागतात ते हे एकाच ठोक्यात करतं. आयुष्यातली पहिली चिप घ्यायची तर म्हातारी कशाला घ्यायची, असं माझं म्हणणं. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदारानं पिकची शिफारस केली होती. अंगानं लहान आणि पोटात सगळं. तेही मला पटलं होतं. मला त्या दिवसांत सगळंच पटत होतं, फक्त आग्नेलचं सोडून.

आग्नेल फिफ्टीवनवर अडून बसला होता. त्याची कारणं अगदीच बेचव होती. त्याला ती येते. चिपमध्ये प्रोग्रॅम भरायचा डबा त्याच्या घरी आहे. कुठल्याही कॉलेजच्या पोराला विचारलं तरी अडलेलं सुटतं. आणि ती कुठेही मिळते. मी म्हणालो, कुठेही तर बटाटेही मिळतात. तो हसला आणि त्यानं आणखी पोहे घेतले.

तिसऱ्या रविवारी स्वप्ना पेपर तपासत होती. लाल पेन खाली न ठेवता तिनं विचारलं, ती जलद चिप घेतली तर केळं लवकर वाळेल का? मी म्हणालो, नाही, केळं आठवडाभरच घेणार. मग त्या बारा ठोक्यांचं काय करायचं, असं तिनं विचारलं आणि ती पुढचा पेपर तपासू लागली. आग्नेलनं माझ्याकडे बघितलंही नाही, हा त्याचा मोठेपणा. फिफ्टीवन ठरली.

काकूंना चिप दाखवायला नेली. काळी, लांबट, दोन्ही अंगांनी वीस-वीस पाय. त्यांनी ती तळहातावर घेऊन उलटीपालटी केली आणि विचारलं, ही गोम केळी वाळवणार? त्या दिवसापासून आमच्यात तिचं नाव गोम पडलं.

कपाट स्वप्नाच्या माहेरचं होतं. लग्नात मिळालेलं लोखंडी कपाट, त्याला भोकं पाडायची म्हटल्यावर तिनं माझ्याशी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी साड्या काढून ट्रंकेत भरल्या. आम्ही ते टेम्पोनं वालीवला नेलं. दिवे, पंखा, जाळ्या, तापमान सांगणारी वेगळी चिप, सगळं बसवलं. आग्नेलनं प्रोग्रॅम लिहिला: सहा दिवस, रोजचं वेगळं ऊन, रात्री विश्रांती. शनिवारी सकाळी मालकांच्या परवानगीनं चालू करायचं, आत ओल्या चिंध्या पसरायच्या, आणि गुरुवारी संध्याकाळपर्यंत पाहत राहायचं. दोनदा पूर्ण चाचणी केली. गोमनं एकदाही चूक केली नाही. मी तर तिची पाठ थोपटायची तेवढी बाकी ठेवली होती.

जानेवारीत कपाट काकूंच्या पडवीत आलं. पहिल्या अढीतली केळी सोलून काकूंनी सोमवारी ट्रेवर मांडली. मी त्यांना बजावलं की आता कशालाही हात लावायचा नाही, यंत्राला सगळं शिकवलेलं आहे. तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून कपाटावर मोठ्या अक्षरांत 'हात लावू नये' असा कागदही चिकटवला. काकूंनी तो वाचला. चाळीस वर्षं या बाई त्या केळ्यांना हात लावत आल्या होत्या.

गुरुवारी कपाट उघडलं तेव्हा केळी तांबूस झाली होती आणि पडवीभर वास पसरला होता. आमच्या चौथ्या मजल्यावरच्या बाई खाली येऊन कसला वास म्हणून विचारून गेल्या. हरिभाऊ सहसा बोलत नसत. ते मला म्हणाले, बस, चहा घे. शुक्रवारी माझी सुट्टी, पण दादरला मावसभावाचं लग्न होतं म्हणून आम्ही सकाळीच निघालो. परत आलो तेव्हा रात्र झाली होती. गॅलरीत उभं राहून खाली पाहिलं, तर कपाटाच्या भोकांतून पिवळा उजेड येत होता. मला फार बरं वाटलं. मी स्वप्नालाही बोलावून दाखवला आणि शांतपणे झोपलो. रात्री तो उजेड असायलाच नको होता हे लग्नाच्या जेवणानं जड झालेल्या माझ्या डोक्यात आलंच नाही.

शनिवारी सकाळी काकूंची हाक आली. मी धावत खाली गेलो. त्यांनी एक केळं मोडून माझ्या हातात दिलं. बाहेरून वहाणेचं कातडं, आत पांढरा चिखल.

झालं होतं ते असं. वसईत शुक्रवारी वीज जाते. सकाळी नऊला जाते, दुपारी तीनच्या सुमारास येते. सगळ्या वसईला हे माहीत आहे. वालीवचे गाळे शुक्रवारी त्यामुळेच बंद असतात, बायका गुरुवारी रात्रीच वाटण करून ठेवतात, लोक टाक्या भरून ठेवतात. हे आम्हाला इतकं माहीत होतं की त्याचा विचार करायचं कुणालाच सुचलं नाही. आमच्या दोन्ही चाचण्या शनिवारी सुरू होऊन गुरुवारी संपल्या होत्या, कारण आमचा आठवडाच तसा. शुक्रवार गोमनं कधी पाहिलाच नव्हता. वीज गेल्याबरोबर ती सगळं विसरली, आणि वीज आल्यावर तिला वाटलं, आज पहिला दिवस, आत्ताच उजाडलंय. तिनं पाचव्या दिवसाच्या केळ्यांना पहिल्या दिवसाचं कडक ऊन दिलं, तेही मध्यरात्र उलटून जाईपर्यंत. काकूंना रात्री दिवे दिसले होते. पण हात लावू नये असं लिहिलेलं होतं.

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सगळे ट्रे गाईपुढे रिकामे केले, जाळ्या धुतल्या आणि मला पुसून परत दिल्या. हरिभाऊंनी राजेळी काढायला पुढच्या महिन्यात माणूस सांगितला. अढीत आता शेवटची तीन लोंगरं पिकत होती. ती केळी तशीच विकून टाकू म्हणाले.

मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्यावर मी दुसऱ्यावर ओरडतो. गाळ्यात जाऊन मी आग्नेलला धारेवर धरलं. तुझ्या म्हातारीला काल काय झालं ते आज आठवत नाही, एव्हीआरच्या पोटात वीज गेली तरी न पुसली जाणारी जागा असते, मी पहिल्यापासून सांगत होतो, वगैरे. आग्नेलनं ऐकून घेतलं. वेगळी आठवणीची चिप जोडता येईल, मुंबईहून आणून प्रोग्रॅम बदलायला आठ-दहा दिवस लागतील, असं तो म्हणाला. मी म्हणालो, तोवर केळी काळी पडतील. मग तो म्हणाला की शुक्रवार तुलाही माहीत होता. हे खरं होतं, म्हणूनच मी आणखी ओरडलो. त्या दिवशी तो डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर जेवायला बसला. मी संध्याकाळी थेट लॅमिंग्टन रोड गाठला आणि एव्हीआर घेऊन आलो.

ती चिप दोन दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर पडून होती. फार देखणी होती. मी तिचे कागद वाचत होतो आणि मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. प्रोग्रॅम भरायचा डबा वेगळा, भाषा वेगळी, आणि विचारायचं कुणाला, तर आग्नेलला. मी कागद वाचत बसायचो, खाली पाहायचं टाळायचो. गॅलरीत जायचं मी बंद केलं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी वीज गेली. आम्ही दोघं अंधारात बसून राहिलो, स्वप्ना पेपरच्या गठ्ठ्यानं वारा घेत होती. थोड्या वेळानं वीज आली, दिवे लागले, डोक्यावरचा पंखा फिरू लागला. स्वप्ना वर बघत राहिली.

"पंखा तीनवर होता," ती म्हणाली. "परत तीनवरच आला. त्याला कुणी आठवण करून दिली?"

मी म्हणालो, आठवण कशाला लागते, रेग्युलेटरचा नॉब तीनवर आहे. म्हणालो आणि उठून नॉबपाशी गेलो. स्वप्नाच्या ते माझ्याआधीच ध्यानात आलं होतं. नॉब जिथे ठेवला तिथेच राहतो. वीज जावो, येवो, त्याला काही फरक पडत नाही. केळं आज कुठवर आलंय हे चिपनं लक्षात ठेवायची गरजच नव्हती. ते सांगायला पडवीत एक बाई होत्या, आणि त्यांना आम्ही कागद चिकटवून गप्प केलं होतं.

सकाळी मी बेकरीतून गरम पाव घेऊन पापडीला गेलो. आग्नेलची बायको फ्लॉसी दारात होती. तिनं पाव घेतले आणि मला आत जा अशी खूण केली. आग्नेलला मी म्हणालो की माझं चुकलं. तो म्हणाला, पाव कडक आहेत की मऊ? एवढ्यावर ते भांडण मिटलं. नॉबचं ऐकून तो उठलाच. गोमचे आठ-दहा पाय रिकामेच होते, चार पायांना चार वायरी आणि प्रोग्रॅममधला दिवस मोजायचा सगळा भाग काढून टाकायचा. प्रोग्रॅम निम्म्यानं लहान झाला. गाळ्यावर जायच्या आधी काम संपलं. हे असं नॉबनं चालवायचं तर मायक्रोकंट्रोलर कशाला हवा होता, असं नंतर स्वप्नानं विचारलं. तो प्रश्न आग्नेलनं ऐकला नाही असं दाखवलं. खरं तर गोमला कामं होतीच. ऊन एकदम न चढवता हळूहळू चढवायचं, वरच्या आणि खालच्या ट्रेची उष्णता सारखी ठेवायची, पंख्याचा वेग बदलायचा. तिनं विसरायचं असं आता काहीच उरलं नव्हतं, एवढंच.

त्याच संध्याकाळी आम्ही तिघं काकूंकडे गेलो. मी आधी तो कागद फाडला. मग नॉब दाखवला आणि सांगितलं की रोज सकाळी केळं दाबून बघायचं आणि तुम्हीच ठरवायचं. नॉबला चार घरं होती. त्यांवर काय लिहू म्हणून विचारलं. मी आकडे घालणार होतो.

"आकडे नको. पहिलं कडक, मग बेताचं, मग कोवळं," काकू म्हणाल्या. "आणि चौथं सांज. सांजेला बंद."

स्वप्नानं सुवाच्य अक्षरांत चारही लिहिली. काकूंनी नॉब दोन-तीनदा फिरवून पाहिला. टक टक आवाज त्यांना आवडला असावा, कारण त्यांनी तो आणखी एकदा फिरवला.

शेवटची तीन लोंगरं सोलून ट्रेवर मांडली. काकू रोज सकाळी कपाट उघडायच्या, दोन बोटांनी केळं दाबायच्या, फिरवायच्या, वरचे ट्रे खाली करायच्या आणि मग नॉब लावायच्या. एका दिवशी ढगाळ होतं, त्यांनी कडकवर एक दिवस जास्त ठेवलं. प्रोग्रॅमनं हे कधीच केलं नसतं. दिवेलागणीला नॉब सांजेवर यायचा. मी गॅलरीतून पुन्हा बघू लागलो होतो, पण आता मला करायला काही नव्हतं.

शुक्रवारी मी नऊच्या आधीच पडवीत जाऊन बसलो. आग्नेलही आला. वीज गेली. हरिभाऊंनी आम्हाला शहाळी दिली, ती पीत आम्ही तिघं वाट बघत बसलो. दुपारी तीनच्या पुढे वीज आली. दिवे एकदम न लागता मंद लागले, पंखा फिरला, हळूहळू ऊन चढलं आणि 'कोवळं'वर येऊन थांबलं. आग्नेलनं कपाळावर, छातीवर क्रूस काढला. मी नास्तिक नाही, पण त्या क्षणी मीही काहीतरी काढलं असतं.

रविवारी काकूंनी पहिलं सुकेळं काढलं. ते त्यांनी वाकवलं, ते मोडलं नाही. तुकडा तोडून तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिल्या. हरिभाऊ धरून आम्ही चौघं त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. मग त्यांनी उरलेल्याचे चार तुकडे करून आम्हाला दिले. चव मी सांगू शकणार नाही. एवढंच सांगतो की स्वप्नानं तिच्या कपाटाला माफ केलं. काकूंनी बाकीची सुकेळी केळीच्या वाळक्या पानात बांधायला घेतली. चांगली झाली की नाही ते त्या म्हणाल्या नाहीत, आणि मला विचारायचा धीर झाला नाही. राजेळीचं काय, हे तर नाहीच.

दुसऱ्या आठवड्यात, हरिभाऊंनी सांगितलेला माणूस सकाळी पहार घेऊन आला. मी गॅलरीत दात घासत होतो. तो राजेळीच्या बेटापाशी उभा राहिलेला दिसला तेव्हा मी तोंडही न धुता जिने उतरलो. आग्नेल त्या दिवशी मला सायकलवर न्यायला आला होता, तोही मागून आला. काकू वाडीत उभ्या होत्या, पदर खोचलेला.

माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "आज लावलेल्या राजेळीला लोंगर यायला दीड वर्ष. मग पिकणार, मग वाळणार. तोवर तुझी ही गोम बिघडली तर दुसरी मिळेल की नाय बाजारात?"

मी एव्हीआरचे कागद वाचले होते, पिकचे वाचले होते, ठोके मोजले होते, पाय मोजले होते. हा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता. मी आग्नेलकडे पाहिलं.

"काकू, ही एका कंपनीची राहिलेली नाही," आग्नेल म्हणाला. "चार-पाच जण बनवतात. एकानं बंद केली तर दुसऱ्याची आणायची, त्याच भोकांत बसते. दीड वर्ष काय, तुमच्या नातवाला पण मिळेल."

काकूंनी थोडा वेळ माझ्याकडेच पाहिलं, जणू आग्नेलचं बोलणं खरं आहे की नाही ते माझ्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी मान हलवली. माझ्या मानेवर याआधी कुणी दीड वर्षाचं झाड लावलेलं नव्हतं. टूथपेस्टचा फेस ओठांवर तसाच होता.

त्यांनी त्या माणसाला बेटं राहू दे म्हणून सांगितलं. बेटाच्या कडेची मुनवी, म्हणजे कोवळी रोपं, काढायची आणि विहिरीच्या पलीकडे नवे खड्डे घ्यायचे. मग त्या मला म्हणाल्या, "मुंबईला जाशील तेव्हा दोन गोमी जास्तीच्या आणून ठेव. माझ्या तांदळाच्या डब्यात राहतील."

मी त्याच संध्याकाळी जाऊन तीन आणल्या.